संत बहिणाबाई : सोसणे आणि सांगणे

मराठी संतकवयित्रींच्या मालिकेत बहिणाबाई शिऊरकर हिचे स्थान एका कारणाने वेगळे आहे. मुक्ताबाई अविवाहित होती, जनाबाई नामदेवाच्या घरची दासी, कान्होपात्रा गणिकेची मुलगी, वेणाबाई बालविधवा. बहिणाबाई मात्र एका वेदपाठी ब्राह्मणाची पत्नी होती आणि संत म्हणून मान्यता पावल्यावरही पत्नीच राहिली. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) हिच्याशी नामसाम्यामुळे महाराष्ट्राबाहेर तिची अनेकदा गल्लत होते. दोघींत अडीच शतकांचे अंतर आहे. शिऊरच्या बहिणाबाईने आपल्या आयुष्याची हकीकत स्वतः अभंगांतून सांगितली. ते आत्मनिवेदन १९२९ साली जस्टिन ॲबट याच्या इंग्रजी भाषांतरामुळे मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांपर्यंतही पोहोचले. तथापि त्या निवेदनातील एक धागा बहुतेक चरित्रकार भक्ताच्या कसोटीचा प्रसंग म्हणून दोन ओळींत उरकून टाकतात. तो धागा म्हणजे पतीने केलेली मारहाण, आणि त्या मारहाणीच्या काळात या स्त्रीने कोणाकोणाकडे आशेने पाहिले, त्यांतल्या कोणाचा हात तिच्यापर्यंत पोहोचू शकला.

बहिणाबाईचा जन्म इ. स. १६२८ (शके १५५०) मध्ये वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे झाला. वडील आऊदेव गावचे कुलकर्णी, आईचे नाव जानकी. पुष्कळ वर्षे मूलबाळ नसलेल्या या दांपत्याला नवससायासांनी झालेली ही मुलगी. पुरती कळती होण्यापूर्वीच, लहानग्या वयात तिचा विवाह शिऊर येथील गंगाधर पाठक याच्याशी लावून देण्यात आला. वर बिजवर होता आणि त्याचे वय तीस वर्षांचे होते. विद्वान, कुलवान, वेदशास्त्रसंपन्न असा जावई मिळाला म्हणून आईवडिलांना धन्यता वाटली, आणि त्या काळाच्या मापाने पाहता तसे वाटण्यात नवल काही नव्हते. वयातील अंतर हा त्या काळी कोणाच्या चिंतेचा विषय नव्हता. परंतु पुढे जे घडले त्यात या अंतराचा वाटा मोठा आहे. नवरा हा तिच्या दृष्टीने पती होण्याआधीच एक वडीलधारा पुरुष होता. तिला वळण लावणे हे आपले काम आहे असे तो मानत होता आणि इतरेजनही तसेच मानत होते.

विवाहानंतर काही वर्षांतच आऊदेव भाऊबंदकीच्या आणि कर्जाच्या तंट्यात सापडले. त्यांना अटकेत पडावे लागले. जावई मदतीला धावून आला आणि त्याच्या साहाय्याने सासरा, सासू व मुले यांनी रातोरात गाव सोडले. भीमातीर, पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असा मुक्काम करीत, भिक्षा आणि भिक्षुकी यांवर निर्वाह चालवीत हे कुटुंब शेवटी कोल्हापुरास आले. तेव्हा बहिणाबाई अकरा वर्षांची होती.

या स्थलांतराकडे चरित्रकार केवळ तीर्थयात्रेची पार्श्वभूमी म्हणून पाहतात. वस्तुतः बहिणाबाईच्या पुढील दुःखाचे कुलूप येथेच बसले. महाराष्ट्रातील सासुरवाशिणीला सासरचा जाच असह्य झाला म्हणजे एकच वाट मोकळी असे, ती माहेरची. जात्यावरच्या ओव्यांनी आणि भोंडल्याच्या गाण्यांनी ती वाट पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. बहिणाबाईच्या बाबतीत माहेर आणि सासर एकाच छपराखाली आले होते. तिचे वडील परागंदा, निर्धन, आणि सुटकेसाठी जावयाचे ऋणी. ज्याच्या हातचा मार चुकवायचा त्याच्याच आधाराने आईवडील दिवस काढीत होते. त्यांच्यापाशी माया होती. जावयाला अडविण्याचा अधिकार उरला नव्हता. अर्थात माहेर स्वतंत्र असले तरी ते किती उपयोगी पडते हा प्रश्न त्या शतकापुरताच मर्यादित नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितल्याचे आढळले, आणि ज्यांनी मागितली त्यांच्यातही सर्वाधिक स्त्रिया प्रथम माहेरच्या माणसांकडेच वळल्या होत्या.

कोल्हापुरात हे कुटुंब एका विद्वान ब्राह्मणाच्या घरी ओसरीला राहिले. तेथे दानात मिळालेली एक कपिला गाय व तिचे वासरू घरी आले. वासराला बहिणाबाईचा असा लळा लागला की ते तिच्यावाचून पाणी पिईना, चारा खाईना. त्या सुमारास जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने कोल्हापुरात चालू होती. रामदास पंचायतनात गणले जाणारे हे स्वामी. बहिणाबाई आईवडिलांबरोबर कीर्तनाला जाई आणि वासरू तिच्या मागोमाग येई. एके दिवशी गर्दीमुळे वासराला बाहेर काढले गेले. ते हंबरू लागले, इकडे मुलगी कासावीस झाली. स्वामींनी वासराला आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला.

ही वार्ता गंगाधराच्या कानी गेली. भर सभेत आपल्या पत्नीकडे लोकांचे लक्ष वेधले गेले, परक्या पुरुषाने तिच्या मस्तकावर हात ठेवला, आणि हे आपल्या अपरोक्ष घडले, एवढे कारण त्याला पुरेसे होते. त्याने तिची वेणी धरून तिला ओढले, मनसोक्त मारले, आणि हातपाय बांधून तिची मोट करून टाकली. अकरा-बारा वर्षांच्या मुलीची ही अवस्था. आत्मनिवेदनात हा प्रसंग थोडक्या शब्दांत आणि आश्चर्य वाटावे इतक्या शांतपणे सांगितलेला आहे.

घरात त्या वेळी माणसे होती. आईवडील होते, घरधनी होता, शेजारपाजार होता. मारणाऱ्याचा हात कोणी धरला नाही. यात कोणाचा दुष्टपणा होता असे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पत्नी, पुत्र, दास, शिष्य आणि धाकटा भाऊ यांना अपराधाबद्दल दोरीने किंवा वेळूच्या कांबीने मारण्याची मुभा दिलेली आहे. मार पाठीवर असावा, डोक्यावर असू नये, इतकीच मर्यादा. त्याच ग्रंथाचा पाचवा अध्याय गुणहीन पतीलाही देवाप्रमाणे पूजण्यास पत्नीला सांगतो. वेदपाठी ब्राह्मणाच्या घरात ही वचने केवळ पोथीत नव्हती. अपराध कोणता आणि त्याचा निवाडा कोणी करावयाचा हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी पतीच्या हाती ठेवला होता. गोतसभा, मजालस, ब्रह्मसभा या संस्था त्या काळी होत्या आणि प्रभावीही होत्या. वतनाचा तंटा, कर्ज, जातिबाह्य आचरण यांचा निकाल तेथे लागे. आऊदेवांवरचे संकट अशाच भाऊबंदांच्या तंट्यातून आले होते. सासऱ्याचे कर्ज हा चारचौघांपुढे जाणारा मामला होता. त्याच्या मुलीला बसलेला मार ही मात्र गंगाधराच्या घरातली बाब होती. ती बाहेर नेली असती तर बोभाटा मारणाऱ्याचा न होता मार खाणारीचा झाला असता, हे सर्वांना ठाऊक होते.

तिची सुटका कशी झाली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. बहिणाबाई बांधलेली असताना गाईने आणि वासराने चारापाणी वर्ज्य केले. गोमातेचे हे उपोषण पाहून घरातील मंडळी हेलावली आणि मुलीला मोकळे करावे असे बोलणे निघाले. मुलीच्या वेदनेसाठी जे शब्द कोणाला सापडत नव्हते ते गाईच्या निमित्ताने सापडले. गोहत्येचे पाप कोणत्याही ब्राह्मणाला समजावून सांगावे लागत नाही. वासरू पुढे थोड्याच दिवसांत गेले आणि त्याला भजनाच्या गजरात निरोप देण्यात आला. बहिणाबाई या धक्क्याने शुद्ध हरपून पडून राहिली.

जयरामस्वामींची सहानुभूती तिच्याकडे होती, यात शंका नाही. परंतु त्या सहानुभूतीनेच तिचे संकट वाढविले, कारण परपुरुषाचे दुःखनिवारण हाही त्या घरात अपराधच होता. बाहेरच्या माणसाने विवाहितेची बाजू घेतली की संशयाला जागा होते. त्यामुळे मदत करणारा जितका अधिक आदरणीय, तितका पतीचा अपमान मोठा ठरतो. गंगाधराच्या रागाचे मूळ येथेच होते, आणि ते त्याने लपविलेही नाही. पुढे बायकोच्या दर्शनाला लोक येऊ लागले तेव्हा आपल्याला कोणी विचारीत नाही, हे शल्य त्याने बोलून दाखविले.

अशा स्थितीत बहिणाबाईला गुरू भेटला तो स्वप्नात. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, असा त्या दिवसाचा निर्देश तिने केला आहे. तुकारामाने स्वप्नात येऊन तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला. तुकारामाचे अभंग तिने कीर्तनांतून ऐकले होते. प्रत्यक्ष दर्शन झालेले नव्हते. स्वप्नातील अनुग्रह ही वारकरी परंपरेतील मान्य गोष्ट आहे. स्वतः तुकारामालाही बाबाजी चैतन्याचा उपदेश स्वप्नातच झाला होता. तरीही बहिणाबाईच्या बाबतीत या स्वप्नाला एक अधिक अर्थ आहे. स्वप्नासाठी उंबरठा ओलांडावा लागत नाही, नवऱ्याची अनुज्ञा लागत नाही, आणि तेथे मस्तकावर ठेवलेला हात पाहणारा साक्षीदार नसतो. ज्या कृतीबद्दल तिने कोल्हापुरात मार खाल्ला तीच कृती येथे निर्वेधपणे घडते, याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

गंगाधराला हे कळल्यावर त्याचा संताप दुणावला. तुकाराम शूद्र; ब्राह्मणाच्या स्त्रीने त्याला गुरू करावे ही कल्पना त्याला असह्य झाली. वेदाध्ययन करणाऱ्याला स्वप्नाचे आणि भक्तीचे काय कौतुक, असा त्याचा सूर होता. अखेरीस त्याने घर सोडून तीर्थाटनाला निघून जाण्याचे आणि पत्नीला तिच्या आईवडिलांपाशी टाकून देण्याचे ठरविले. तिला त्या वेळी तीन महिने झाले होते.

आजच्या वाचकाला वाटेल की मारणारा नवरा निघून जात आहे, म्हणजे सुटकाच झाली. बहिणाबाईला तसे वाटले नाही. या धमकीने ती मारापेक्षाही अधिक घाबरली. निराधार आईवडील, पोटात मूल, आणि नवऱ्याने टाकलेली ही ओळख. अशा स्त्रीला कोणते गाव आसरा देणार होते? या टप्प्यावर तिने मनाशी जो निश्चय केला तो तिच्या अभंगांतील सर्वांत वादग्रस्त भाग आहे. पती हाच देव, पतीची सेवा हेच तीर्थ, तो वैरागी होऊन निघून गेला तर पांडुरंग तरी आपल्या काय उपयोगाचा, असा विचार करून तिने पतिसेवेला वाहून घ्यायचे ठरविले. पतिव्रताधर्मावरचे तिचे स्वतंत्र अभंगही याच वृत्तीतून आलेले आहेत. ॲन फेल्डहाउस यांनी १९८२ च्या एका निबंधात पत्नी आणि संत या दोन भूमिकांमधील तिचा ताण उलगडून दाखविला. हा ताण मनात धरून ते अभंग वाचले म्हणजे त्यांत केवळ शरणागती दिसत नाही. जी एकमेव भाषा नवऱ्याला आणि समाजाला मान्य होती त्या भाषेत तिने आपले स्थान मागितले. मार थांबावा ही मागणी त्या भाषेत करताच येत नव्हती. सेवेची परवानगी असावी एवढीच करता येत होती.

येथे इतर भारतीय भाषांतील संतस्त्रियांची आठवण होणे स्वाभाविक आहे. कन्नडची अक्कमहादेवी राजवैभव आणि पती मागे टाकून कल्याणच्या शरणांत गेली. मीरेने मेवाड सोडले. सासूने भाताखाली दगड झाकून वाढल्याची कथा ज्या काश्मिरी लल्लेबद्दल सांगतात, तीही घर सोडून गेली. या कथांमध्ये एक क्षण असा येतो की दार मागे बंद होते आणि स्त्री बाहेर पडते. बहिणाबाईच्या कथेत तो क्षण येत नाही. वारकरी पंथ गृहस्थांचा. प्रपंचात राहून परमार्थ साधावा हे त्याचे सूत्र. या सूत्राने असंख्य शेतकरी, कारागिरांना भक्तीचे दार उघडले हे खरे. परंतु ज्या स्त्रीचा प्रपंचच दुःखाचे कारण होता तिच्यासाठी बाहेर पडण्याचा घाट या पंथापाशी तयार नव्हता. घर न सोडता सुटका कशी मिळवावी, हा बहिणाबाईपुढचा पेच होता.

तिच्या कथेत हा पेच गंगाधराच्या आजारपणाने सुटतो. घर सोडण्याच्या बेतात असताना त्याला दुखणे आले आणि ते महिनाभर हटले नाही. बहिणाबाईने रात्रंदिवस शुश्रूषा केली. तुकारामाची आणि पांडुरंगाची निंदा केल्याचे हे फळ असावे असे त्याच्या मनाने घेतले. एका वृद्ध ब्राह्मणाने त्याला पत्नीचा स्वीकार करण्याचा उपदेश केला, त्याने तसे कबूल केले आणि तो बरा झाला. पतीचे मन पालटले, आणि तेही अशा रीतीने की त्याच्या अधिकाराला कोठेही बाध आला नाही. कोणी त्याला दोषी ठरविले नाही, कोणी पत्नीची क्षमा मागावयास लावली नाही. पश्चात्ताप झाला तो देवाच्या आणि संताच्या निंदेबद्दल. मारहाणीचा त्यात उल्लेख नाही. उपदेश करणाराही वृद्ध, पुरुष आणि ब्राह्मण असाच असावा लागला.

यानंतर हे कुटुंब देहूला गेले. तुकारामाचे प्रत्यक्ष दर्शन झाले, आणि ज्या शूद्र गुरूच्या नावाने घर पेटले होते त्याच्यापुढे गंगाधर नम्र झाला. देहूत मंबाजी गोसाव्याने त्यांना आपले शिष्यत्व पत्करण्याचा आग्रह धरला. तो नाकारल्यावर त्याने छळ आरंभिला, त्यांची गाय बांधून मारली, आणि गाईच्या अंगावरचे वळ तुकारामाच्या पाठीवर उमटले, अशी कथा बहिणाबाईने सांगितली आहे. या कथेच्या ऐतिहासिकतेचा वाद बाजूला ठेवला तरी तिची मांडणी बोलकी आहे. कोल्हापुरात बहिणाबाईला मार बसला तेव्हा गाय उपाशी राहिली. देहूत गाईला मार बसला तेव्हा संताच्या पाठीवर वळ उठले. मुक्या जीवाचे दुःख दुसऱ्याच्या देहावर उमटते आणि सगळ्या गावाला दिसते, ही प्रतिमा जिच्या मनात घर करून राहिली तिला स्वतःच्या पाठीवरचे वळ कोणालाच दिसले नव्हते.

याच देहूतील तुकारामाच्या घराबद्दल परंपरेने एक निराळे माप वापरले आहे. तुकारामाची पत्नी आवली ही कजाग, कर्कशा म्हणून साडेतीनशे वर्षे प्रसिद्ध आहे. दुष्काळात होरपळलेल्या घरात मुलांच्या तोंडी घास घालण्यासाठी ती तोंड टाकीत असे. तिचे बोलणे लोककथेत अजरामर झाले. गंगाधराचा हात मात्र बहिणाबाईने स्वतः नोंदवूनही लोकस्मृतीत उरला नाही.

देहूत बहिणाबाईला काशीबाई ही मुलगी झाली, पुढे विठ्ठल हा मुलगा. तुकारामाच्या निर्याणानंतर कालांतराने ती शिऊरला परतली आणि उरलेले आयुष्य तेथेच गेले. या काळात तिने विपुल रचना केली. त्यांतील वज्रसूचीचा मराठी अवतार विशेष महत्त्वाचा आहे. ब्राह्मण कोणास म्हणावे, जीव, देह, जाती, विद्या, कर्म यांपैकी ब्राह्मणत्व कशात आहे, याची ती चिकित्सा आहे, आणि ब्रह्म जाणतो तोच ब्राह्मण असा तिचा निष्कर्ष आहे. अभ्यासक हा ग्रंथ जातिविचाराच्या इतिहासात ठेवतात व ते योग्यच आहे. पण शूद्राला गुरू केल्याबद्दल ज्या स्त्रीला घरात उत्तर देण्याची सोय नव्हती तिचे ते उत्तर आहे, हेही विसरता येत नाही. नवऱ्यापुढे जे बोलता आले नाही ते तिने शास्त्राच्या आधाराने, शास्त्रज्ञांनाच उद्देशून लिहिले. स्त्रीजन्माचे पारतंत्र्य, वेदांचा नाकारलेला अधिकार, परस्वाधीन देह यांविषयीचे तिचे अभंगही याच वर्गातले.

आत्मनिवेदनातले सांगणेही असेच उशिरा आलेले आहे. मृत्यू जवळ आल्याची जाणीव झाल्यावर तिने विठ्ठलाला बोलावून घेतले आणि आपल्या मागील बारा जन्मांची कहाणी त्याला सांगितली. चालू जन्म तेरावा. पूर्वजन्मांच्या या चौकटीत मारहाण ही प्राचीन कर्माच्या ओघातली एक घटना होते, आणि म्हणूनच ती सांगता येते. ज्याच्याविषयी ती बोलत होती तो ऐकणाऱ्याचा बाप होता. मुलाजवळ बापाची निंदा करणे पतिव्रतेला शोभणारे नव्हते. पूर्वसंचित सांगणे शोभणारे होते. तक्रारीचा शब्द तिने कोठेही उच्चारलेला नाही. मात्र वेणी धरल्याचे, मोट बांधल्याचे, गर्भवती असताना टाकून जाण्याच्या बेताचे तपशील तिने गाळले नाहीत, नवऱ्याचे वागणे सौम्य करून सांगितले नाही, आणि आपण अपराध केला होता असेही कबूल केले नाही.

शके १६२२ (इ. स. १७००) मध्ये आश्विन शुद्ध प्रतिपदेस, वयाच्या बहात्तराव्या वर्षी बहिणाबाईने शिऊर येथे देह ठेवला. वैजापूर तालुक्यातील त्या गावी तिची समाधी आहे.